दुसऱ्या टोकाच्या एकवीस धावा

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल शर्यतीची गोष्ट काढतो. धावणारे पुष्कळ, बक्षीस एकालाच. स्पर्धेला उतरणारा खाण्यापिण्यापासून झोपेपर्यंत सगळ्या गोष्टींत स्वतःला आवर घालतो, आणि तेही कशासाठी, तर चार दिवसांत सुकून जाणाऱ्या पानांच्या मुकुटासाठी. करिंथकरांना हे फोड करून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शहराजवळच इस्थमसचे खेळ दर दोन वर्षांनी भरत, आणि तो पानांचा मुकुट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. पण अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात पौल एकदम स्वतःवर येतो. दुसऱ्यांना उपदेश करून आपणच बाद ठरू की काय, ही भीती तो उघड बोलून दाखवतो. ज्याने इतक्या मंडळ्या उभ्या केल्या, त्या माणसाची ही भीती आहे.

मी पिंपळगाव रेणुकाईत राहतो, मुलांना खेळ शिकवतो. कबड्डी आणि खो-खो हे माझे विषय. प्रार्थनासभेत संदेश द्यायची वेळ आली की हाच शास्त्रभाग माझ्या तोंडी पहिल्यांदा येतो, कारण तो मला सोपा जातो आणि पोरांनाही आवडतो. शर्यत, संयम, सराव, बक्षीस, सगळं झकास जुळतं. शेवटच्या वाक्यापाशी मात्र मी कधी रेंगाळलो नाही. ते वाक्य ऐकणाऱ्यांसाठी नाहीच, ते सांगणाऱ्यासाठी आहे.

उद्या प्रभुभोजनाचा रविवार. पहाटेच्या एसटीने भोकरदन, तिथून जालना. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने बजावलं आहे की भाकर खाण्याआधी आणि प्याल्यातून पिण्याआधी माणसाने स्वतःला तपासून पाहावं. लहानपणी आम्हाला हे तपासणं म्हणजे भांडणं मिटवून यायचं, एवढंच ठाऊक होतं. आता मला ते एकाच प्रश्नापाशी आणून सोडतं. रविवारी जो माणूस त्या मेजापाशी गुडघे टेकतो, तोच माणूस सोमवार ते शनिवार माझ्या अंगात असतो का? की तो एसटीच्या परतीच्या फेरीत कुठेतरी उतरून जातो?

कबड्डीत एक क्षण असा असतो जो पंचाच्या हातात नसतो. चढाईला आलेला पोरगा मध्यरेषेकडे झेपावतो आणि जाता जाता त्याच्या बोटाचं टोक कोपऱ्यातल्या मुलाच्या गुडघ्याला किंवा बनियनच्या कडेला घासून जातं. धूळ उडालेली, दोन्हीकडून आरडाओरडा, मी शिट्टी तोंडात धरून वाकून पाहतोय आणि मला काहीही दिसलेलं नाही. लागलं की नाही, हे त्या दोघांनाच माहीत. पुष्कळदा तर एकालाच, कारण चढाई करणाऱ्याचं तोंड तोवर मध्यरेषेकडे वळलेलं असतं. अशा वेळी एका सातवीतल्या मुलाने हात वर केला आणि काही न बोलता मैदानाबाहेर जाऊन बसला. सामना अटीतटीचा होता. त्याच्या संघातली पोरं त्याच्यावर धावून गेली, "कुणी पाहिलं होतं का रे, कशाला बसलास?" तो म्हणाला, "मला लागलं ना." बास, एवढंच. मी सामना संपल्यावर सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, खिलाडूवृत्तीवर चार शब्द बोललो. पण मला आठवतो तो त्याचा चेहरा. हात वर करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

मी मात्र बघणाऱ्यांकडे बघूनच चांगला वागतो, असं माझं मन मला सांगतं. याचं एक कारण आमच्या राहण्यातच आहे. रेणुकामातेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं म्हणजे थोडकी माणसं. लोकांनी आम्हाला कधी परकं केलं नाही. दिवाळीला फराळ येतो, नाताळला आमचा फराळ जातो. पण आपण वेगळे आहोत ही जाणीव आपल्यालाच असते, आणि ती सतत पाठीशी उभी राहते. आपण शिवी दिली तर ती एका मास्तराची शिवी राहणार नाही, ख्रिस्ती माणसाची होईल. जिल्ह्याच्या जुन्या इतिहासातही हे ओझं आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं अशी कुटुंबं तिथे घरं बांधून, शेती करून, मुलांना शाळेत घालून उभी राहिली. ब्राह्मण घरात जन्मलेला आणि १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस त्या लोकांमध्ये जाऊन राहिला. आजूबाजूचे लोक त्या वस्तीकडे बघत असणार, हे नव्या देवाचे लोक वागतात कसे म्हणून. त्या नजरेने आमच्या आज्या-पणज्यांना नेकीची सवय लावली, हे खरं. पण तीच नजर मला आता अडचणीत टाकते. कारण ती नजर नसते तिथे मी कोण असतो?

याचं उत्तर माझ्या घरात आहे. मैदानावर, शाळेत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माझा आवाज कधी चढत नाही. लोक म्हणतात, सर कधी रागावत नाहीत. माझी बायको हे ऐकते आणि गप्प राहते. घरी जेवण उशिरा झालं, मोबाइल चार्जिंगला लावायचा राहिला, एवढ्या-तेवढ्यावरून माझा आवाज चढतो. दिवसभर बाहेर ज्या माणसाला मी आवरून धरलेलं असतं, तो चपला काढताना मोकळा होतो. मग बाहेरचं ते आवरणं कशाचं फळ? आत्म्याच्या फळांची यादी गलतीकरांच्या पत्रात आहे, तिच्यात सौम्यता आणि इंद्रियदमन दोन्ही येतात. फळ झाडाला लागतं तेव्हा ते रस्त्याकडच्या फांदीला लागतं आणि घराकडच्या फांदीला लागत नाही, असं होत नाही. माझी सौम्यता जर फक्त रस्त्याकडच्या बाजूला दिसत असेल, तर ती आत्म्याची नसून माझ्या इभ्रतीची आहे. हे लिहिताना मला जड जातंय, पण मेजापाशी जाण्याआधी हे मला स्वतःशी बोलायलाच हवं होतं.

आता मिरचीचं.

आमच्या गावाचं नाव बाहेर निघतं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. हंगामात आजूबाजूच्या गावांतून मिरचीने भरलेल्या गाड्या येतात, रस्ता पाय ठेवायला मोकळा राहत नाही, आणि हवेत तो उग्र वास असा भरून राहतो की बाहेरून आलेला माणूस शिंकत सुटतो. व्यापारी गोणीत हात घालतो, वरची मूठभर मिरची काढतो, मोडून पाहतो, देठ पाहतो, भाव बोलतो. घरची शेती धाकटा भाऊ बघतो. मल्चिंग, ठिबक, फवारणी, तोडणीच्या बायकांची मजुरी, सगळं तोच. माझा वाटा म्हणजे खर्चाला पैसे घालणं आणि हंगामाच्या शेवटी हिशोबाला बसणं. गोणी भरताना ताजी, टणक, एकसारखी मिरची तोंडाशी येते आणि मऊ पडलेली, डाग असलेली तळाला जाते, हे मला माहीत आहे. मी कधी गोणी भरलेली नाही. पण हिशोबाच्या पैशांतला माझा वाटा मोजून घेताना मी कधी विचारलंही नाही. एकदाच विषय निघाला तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, सगळेच असं भरतात. व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं, तो भाव त्याच हिशोबाने बोलतो. आपण एकटेच सरळ भरायला लागलो तर आपल्यालाच भाव कमी." त्याचं बोलणं खोटं नाही. सगळा बाजार जिथे एकमेकांचा अंदाज घेऊनच चालतो, तिथे एका माणसाच्या सरळपणाची किंमत तो माणूस एकटा मोजतो. माझ्या भावाची मी निंदा करत नाही. उन्हात तो उभा असतो, कर्ज त्याच्या नावावर आहे. मी विचारतो तो प्रश्न मला आहे. कोपऱ्यातल्या सातवीतल्या मुलाला मी ज्यासाठी शाबासकी दिली, ते मी करतो का? मला लागलेलं असतं, कुणी पाहिलेलं नसतं, आणि मी मैदानातच उभा राहतो.

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाईतो मागे फिरता येत नाही. नवीन पोरांना वाटतं, मागे पळालं तरच चूक. त्यांना शिकवावं लागतं की चूक पायाने होत नाही, त्याआधी खांद्याने होते. पाय पुढेच चाललेले असतात, पण मागे निसटलेल्या गड्याकडे बघायला खांदा वळला की शिट्टी वाजते. मी माझे पाय बघत बसलो, आणि चाललोय तर पुढेच, म्हणून समाधानात राहिलो. उपासना चुकवत नाही, दशांश देतो, दारू नाही, तंबाखू नाही. पाय नीट आहेत. खांद्याची तपासणी कधी केली नाही.

सातत्याने ख्रिस्ती जीवन जगणं म्हणजे काय, हे जेव्हा जेव्हा मी मुलांना सांगतो तेव्हा एका मराठी ख्रिस्ती खेळाडूचं नाव घेतो, विजय हजारे. १९१५ साली सांगलीत, शाळामास्तरांच्या भरल्या घरात, प्रॉटेस्टंट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाने आहे, पण मुलांना त्या करंडकापलीकडे त्यांच्याबद्दल काही माहीत नसतं. उभं राहण्याची त्यांची ढब अवघडलेली होती, बॅट जवळजवळ दोन पॅडांच्या मध्ये धरलेली. ऑस्ट्रेलियाचा जुना फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट त्यांचा मार्गदर्शक होता, आणि त्याने ही ढब बदलायला लावली नाही. याच ढबीने १९३९-४०च्या मोसमात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. पहिला कसोटी सामना खेळायला मिळाला तेव्हा ते एकतिशीत होते, महायुद्धात ऐन उमेदीची वर्षं निघून गेली होती. तरीही ३० कसोटींत ७ शतकं आणि ४७च्या वर सरासरी. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते.

पण मला त्यांचा विजय आठवत नाही. मला आठवतात ते त्यांचे पराभव. जानेवारी १९४८, ॲडलेड. समोर लिंडवॉल आणि मिलर, ब्रॅडमनच्या दोनशे एक, ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ केल्या. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. १९५२, लीड्स. दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य, आणि चार गडी बाद. फ्रेड ट्रूमन हॅट्‌ट्रिकच्या उंबरठ्यावर धावत येतोय आणि समोर कर्णधार हजारे चालत येतात. तो चेंडू त्यांनी खेळून काढला. फडकरांबरोबर शंभराच्या वर भागीदारी केली, ५६ धावा काढल्या. तोही सामना भारत हरला.

आणि सगळ्यात आधीचा, १९४३च्या डिसेंबरमधला, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरचा पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. संघ धर्मावर पाडलेले असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून उरलेल्यांचा 'रेस्ट' नावाचा संघ, ज्यात भारतीय ख्रिस्ती असत. गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला १९४० मध्येच विरोध केला होता, आणि १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली ते योग्यच झालं. खेळाच्या मैदानावर माणसाने देवाच्या नावाने एकमेकांना हरवू नये. पण त्या सामन्यात जे घडलं ते मी विसरू शकत नाही. हिंदू संघाने ५ बाद ५८१वर डाव सोडला, मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३मध्ये संपला, त्यात हजाऱ्यांच्या ५९. फॉलोऑन. दुसऱ्या डावातही निम्मा संघ झटपट बाद झाला आणि मग विजय हजाऱ्यांच्या जोडीला त्यांचा भाऊ विवेक आला. दोघांनी मिळून ३०० धावा जोडल्या. विजय हजाऱ्यांच्या झाल्या ३०९, संघाच्या ३८७. म्हणजे दर पाच धावांतल्या चार एकट्याच्या. आणि विवेकच्या किती? एकवीस.

सामना रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

कितीतरी वर्षं ही गोष्ट मी ३०९ची गोष्ट म्हणून सांगत आलो. एकटा माणूस हरणाऱ्या संघासाठी लढत राहिला, तसं ख्रिस्ती माणसाने जगात उभं राहावं. ऐकणाऱ्यांना स्फुरण चढतं, मलाही चढतं. पण अलीकडे माझं मन दुसऱ्या टोकाला अडकतं. त्या तीनशेच्या भागीदारीत विवेक हजारे काय करत होता? चेंडू अडवत होता, सोडून देत होता, हाकेसरशी धावून टोक बदलत होता. प्रेक्षकांतल्या कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवली असेल असं वाटत नाही. तो बाद झाला असता तर दुसऱ्या बाजूचा तो डाव तिथेच थांबला असता, आणि तो उभा राहिला म्हणून जे घडलं ते सगळं भावाच्या नावावर लागलं. त्याने आपली विकेट तासन्‌तास सांभाळली ती स्वतःच्या धावांसाठी नाही. आणि सामना तर हातातून केव्हाच गेला होता.

मी माझ्या प्रार्थनेच्या जीवनाकडे बघतो तेव्हा दिसतं की मला सातत्य हवं आहे ते ३०९चं. असा एखादा प्रसंग यावा की जिथे माझ्या विश्वासाची कसोटी लागेल आणि मी खंबीर उभा राहीन, आणि ते दिसेल. असे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. येतात ते साधे, कंटाळवाणे चेंडू. सकाळी उठून शास्त्र उघडायचं आणि काही स्फुरत नाही, शब्द कोरडे लागतात, मन शाळेच्या हजेरीपत्रकाकडे धावतं. आजारी सासऱ्यांचं अंथरूण बदलायचं. तोच विद्यार्थी तीच चूक पुन्हा करतो, त्याला त्याच शांतपणे पुन्हा सांगायचं. बायको दिवसभराचं काही सांगतेय, ते मोबाइल खाली ठेवून ऐकायचं. या एकेका चेंडूवर मी बाद होतो. मोठ्या गोलंदाजीची वाट बघता बघता मी साध्या चेंडूंवर विकेट देऊन बसतो, आणि माझ्या बाद होण्याने ज्याचा डाव थांबतो ते माझ्याच घरातलं माणूस असतं. कोरड्या दिवसात मी प्रार्थना सोडतो आणि स्वतःला सांगतो की मनापासून नसेल तर करून काय उपयोग. हे ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण सरावाला यायला मन लागत नाही म्हणणाऱ्या मुलाला मी हे उत्तर कधी दिलेलं नाही. त्याला मी सांगतो, ये, बूट घाल, मन मागून येईल.

एरिक लिडेलची गोष्ट ख्रिस्ती घरांत रविवारशाळेपासून सांगितली जाते. १९२४चं पॅरिस ऑलिंपिक, शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून तो धावला नाही. मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण, नवा जागतिक विक्रम. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. इथवरची गोष्ट मलाही पाठ आहे, आणि तिच्या आधारावर रविवारी मैदानावर जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. माझ्या साक्षीचा तो खांब आहे असं मी समजत आलो. पण लिडेलची पुढची गोष्ट सांगितली जात नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेहशिएनच्या नजरबंद छावणीत टाकलं. काटेरी तारांच्या आत अडकलेल्या मुलांसाठी तो खेळ घ्यायचा, शिकवायचा. रविवारी मात्र पंच म्हणून उभं राहायला तो तयार नव्हता. मग एका रविवारी पंचाविना हॉकी खेळताना मुलं आपसात मारामारीवर आली. त्यानंतर लिडेल रविवारीही शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहू लागला. ऑलिंपिकच्या सुवर्णासाठी ज्या माणसाने रविवार सोडला नव्हता, त्याने तो भांडणाऱ्या पोरांसाठी सोडला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेला काही महिने उरले असताना, मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत गेला.

हे वाचल्यापासून माझ्या नियमाकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही. त्याने पॅरिसला जे केलं आणि छावणीत जे केलं, त्यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा त्याने स्वतःचंच काहीतरी सोडलं. पहिल्या वेळी पदक, दुसऱ्या वेळी आपल्या काटेकोरपणाचं समाधान. दुसरं सोडणं मला जास्त अवघड वाटतं. मी रविवारचा नियम पाळतो त्यात देवासाठी किती आणि माझी प्रतिमा स्वच्छ राहावी म्हणून किती, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी नसताना रविवारी संध्याकाळी पोरं मैदानावर जमतात. मोठी मुलं लहानांना ढकलतात, शिवीगाळ चालते, हे मला सोमवारी कळतं. नियम मोडावा असं मी इथे म्हणत नाही. उपासना सोडून मी मैदानावर जाणार नाही. पण जालन्याहून परतल्यावर संध्याकाळ मोकळी असते, आणि त्या संध्याकाळी मी दार लावून बसतो. ते मी कुणासाठी करतो?

खेळातून धडे घ्यायचे तर एक गोष्ट जपूनच घ्यावी लागते. खेळात गुण मोजले जातात. सराव करील तो जिंकेल, हे मी मुलांना सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरं ठरतं. देवापाशी हा हिशोब चालत नाही. मी आवाज चढवणं बंद केलं, गोणी सरळ भरली, सकाळची प्रार्थना एकदाही चुकवली नाही, तरी त्या मेजापाशी जायचा हक्क मला त्यातून मिळत नाही. हे विसरलं की सातत्याचा प्रयत्न माणसाला दोन ठिकाणी नेतो. जमलं तर गर्व, नाही जमलं तर खचणं. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आलो आहे. खचण्याच्या ठिकाणी जास्त राहिलो.

तिथून मला बाहेर काढायला पुन्हा कबड्डीच कामी येते. बाद झालेला खेळाडू बाहेर रांगेत बसतो. तिथे बसून तो काहीच करू शकत नाही. जोरात ओरडला, मांडी थोपटली, कितीही पश्चात्ताप केला, तरी तो स्वतःच्या बळावर आत येऊ शकत नाही. त्याचा सोबती चढाईला जातो, समोरच्या सात जणांत एकटा शिरतो, दम न तोडता कुणाला तरी बाद करून मध्यरेषेवर परत येतो, आणि मग बाहेरचा जिवंत होतो. त्याच्या आत येण्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते. पहिल्यांदा कुणाला हा खेळ समजावून सांगताना मला नेहमी वाटतं, तारण समजावून सांगायला याहून जवळचं काही आपल्या मातीत नाही. प्रभू येशू एकटा शिरला, आणि त्याला पकडलं, आणि तरीही तो परतला. आम्ही बाहेर बसलेले, आमच्या हातात काहीही नव्हतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पेत्र तसाच बाहेर बसलेला आहे. तीनदा ओळख नाकारून झालेली आहे आणि तो पुन्हा मासे धरायला गेला आहे. किनाऱ्यावर प्रभूने त्याला एकही जाब विचारला नाही. तू माझ्यावर प्रीती करतोस का, एवढं तीनदा विचारलं, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हातात काम दिलं, मेंढरं सांभाळण्याचं. मला यातली ही दुसरी गोष्ट आज जास्त लागते. कबड्डीतही जिवंत झालेला गडी आत येतो तो कौतुक करून घ्यायला येत नाही. पुढच्याच चढाईला त्याला साखळीत हात धरून उभं राहावं लागतं. क्षमा मिळाली म्हणून मी रविवारी हलका होऊन परत येतो, पण परत आल्यावर साखळीत माझी जागा कुठली, हे मी विचारत नाही.

आज शनिवार संपता संपता माझ्या पुढे तीन कामं आहेत आणि त्यातलं एकही मोठं नाही. उद्या जालन्याहून आलो की संध्याकाळी मैदानावर जायचं. पोरं रविवारी मला बघून चकित होतील, कदाचित लहानांना थोडं बरं वाटेल. बायकोशी बोलायचं. आवाजाबद्दल तिची माफी मी याआधीही मागितली आहे, त्यामुळे या वेळी माफीपेक्षा तिला काय वाटतं ते विचारायचं आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकायचं. आणि भावाकडे शेतावर जायचं. त्याला उपदेश करायचा माझा अधिकार नाही, जोवर तोट्याचा भाग तो एकटा सोसणार आहे. म्हणून त्याला असं सांगायचं ठरवलं आहे की या हंगामापासून आपली मिरची वर-खाली एकसारखी भरू, मऊ माल वेगळा काढून वेगळ्या भावाने देऊ, आणि त्यामुळे जी रक्कम कमी येईल ती माझ्या वाट्यातून वजा कर. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. तो हसेल, किंवा म्हणेल की दादा, व्यापारी ऐकणार नाही, सगळीच गोणी मऊ मालाच्या भावात मागेल. तसं झालं तर त्या रकमेचा आकडा मला आता वाटतो त्याहून मोठा निघेल, आणि मुलीची कॉलेजची फी त्याच पैशांतून जायची आहे. तोडणी सुरू झाली की गोणी भरायच्या वेळी मी स्वतः तिथे असेन, एवढं मी त्याला सांगणार आहे.